अनुभवाचा दाखला



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात बसून मी गणित शिकलो. त्याच शाळेच्या व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा योग यावा, हे मी माझे भाग्य समजतो. कार्यवाहांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली, तेव्हा प्रथम मनात आले की आपल्या परिसराच्या इतिहासावर बोलावे. परंतु आयुष्यभर कोळशाच्या खाणीत काम केलेल्या माणसाने इतिहासावर काय बोलावे, हा संकोच होता. मग लक्षात आले की, ज्या एका कागदाच्या आधाराने मी हे आयुष्य काढले त्या कागदालाही एक इतिहास आहे. तो कागद म्हणजे अनुभवाचा दाखला. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या तरुणाला स्वतंत्रपणे काम करण्याचा अधिकार केव्हा मिळावा, त्यासाठी त्याने किती काळ आणि कोणाच्या हाताखाली काम करावे, हा प्रश्न जगात कसा उत्पन्न झाला, आणि आपल्या देशात व आपल्या या मुलखात त्याला कोणते उत्तर मिळाले, एवढाच माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

उमेदवारीची परंपरा

आपल्या भाषेत ‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीपुरता उरला आहे. जुन्या काळी त्याचा अर्थ निराळा होता. कचेरीत जागा मिळेल या आशेने बिनपगारी किंवा नाममात्र मोबदल्यावर काम करणारा, दप्तरे लिहिणारा, वरिष्ठांचे पाहून काम शिकणारा तो उमेदवार. ‘उमेद’ म्हणजे आशा, आणि त्या आशेवर केलेली सेवा ती उमेदवारी. गवंड्याच्या हाताखाली चुना कालवणारा पोऱ्या, सुताराच्या हाताखाली रंधा ओढणारा मुलगा, हेही उमेदवारच. कोणत्या दिवशी तो पोऱ्याचा गवंडी होई, हे त्याचा उस्ताद ठरवी. त्यासाठी लेखी परीक्षा नव्हती. एका दिवशी उस्ताद ओळंबा त्याच्या हाती देई आणि आपण बाजूला बसे.

इंग्लंडमध्येही अभियंत्याचे शिक्षण दीर्घकाळ याच पद्धतीने चालले. लंडनची सिव्हिल इंजिनियरांची संस्था १८१८ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष थॉमस टेलफर्ड हे मूळचे पाथरवट होते. त्या काळी नामवंत अभियंत्याच्या कार्यालयात शुल्क भरून शिष्य म्हणून राहावयाचे, नकाशे काढावयाचे, कामावर हिंडावयाचे आणि काही वर्षांनी स्वतंत्र व्हावयाचे, हाच राजमार्ग होता. या संस्थेने सदस्यत्वासाठी परीक्षा सुरू केली ती १८९७ साली, म्हणजे स्थापनेनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी. तेथे अनुभव आधी आला आणि परीक्षा मागून आली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे क्रम नेमका उलट झाला.

पुण्याचा वर्ग आणि खानदेशातील नळ

हिंदुस्थानात सरकारला रस्ते, कालवे आणि लोहमार्ग यांसाठी माणसे हवी होती, आणि ती लवकर हवी होती. रुडकीचे महाविद्यालय १८४७ साली निघाले. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग व यांत्रिक शाळा सुरू झाली. सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ दर्जाचे अधिकारी तयार करणे, हा तिचा मूळ हेतू. हीच संस्था पुढे सायन्स कॉलेज आणि त्यानंतर पुण्याचे इंजिनियरिंग कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आली. वरिष्ठ जागांसाठी मात्र इंग्लंडातच कूपर्स हिल येथे स्वतंत्र महाविद्यालय काढण्यात आले. ते १८७२ पासून १९०६ पर्यंत चालले, आणि तेथून येणारा तरुण बहुधा गोराच असे. म्हणजे येथे योग्यतेचा प्रश्न आरंभापासूनच वंशाच्या आणि दर्जाच्या प्रश्नात गुंतलेला होता.

पुण्याच्या या महाविद्यालयातून १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले, आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. वय पुरते पंचविशीचेही नव्हते. लवकरच त्यांची रवानगी खानदेशात धुळ्याकडे झाली आणि पांजरा नदीच्या एका उपनदीतून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्याचे दिवस होते. पुराने वाळू वाहून येई आणि केलेले काम बुजून जाई. तेव्हा पाऊस संपेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांनी वरिष्ठांस लिहिले. वरिष्ठांना ते रुचले नाही व त्यांनी प्रतिकूल शेरा मारला. तरुण अभियंत्याने मग नेटाने ते काम पूर्ण केले.

विश्वेश्वरय्यांच्या चरित्रात हा प्रसंग त्यांच्या जिद्दीचा नमुना म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात दुसरी एक गोष्ट दिसते. नवख्या अभियंत्याच्या डोक्यावर कोणीतरी होते. त्याचे म्हणणे कागदावर आले, त्यावर उत्तर आले, मतभेद झाला, आणि अखेरीस काम तपासले गेले. सरकारी खाते हीच त्या काळी परवाना देणारी संस्था होती. साहाय्यक अभियंत्याची परीविक्षा, खात्यांतर्गत परीक्षा आणि वरिष्ठांचा गोपनीय शेरा या तीन चाळण्यांतून तो जाई. पुढे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविणारा अभियंता त्या चाळणीतून आलेला होता. खात्याबाहेर स्वतंत्र व्यवसाय करणारे अभियंते जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे त्यांच्यासाठी निराळा कायदा करावा, असे कोणाला सुचले नाही. ती उणीव पुढे फार काळ राहिली.

सौंसरचे नाव आणि खाणीचा कायदा

या सर्वसाधारण चित्राला एक ठळक अपवाद आहे, आणि त्याचा आपल्या मुलखाशी निकटचा संबंध आहे. तो अपवाद म्हणजे खाण.

भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत जगभरचे अभ्यासक ‘सौंसर समूह’ या नावाने एका प्राचीन खडकांच्या मालिकेचा उल्लेख करतात. ते सौंसर म्हणजे आपल्या शेजारचे सौंसर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुई ली फर्मर हे विसाव्या शतकाच्या प्रारंभी या भागात हिंडले. काचीधाना, गोवारी-वाढोणा, सीतापार येथील मँगेनीजचे साठे त्यांनी पाहिले, आणि १९०९ साली भारतातील मँगेनीजविषयीचा त्यांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास आपल्या उत्तरेला, परासिया-जुन्नारदेवच्या पट्ट्यात, पेंच आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांत कोळशाच्या खाणी उघडू लागल्या. संत्र्यांचा आणि कपाशीचा हा प्रदेश दोन्ही बाजूंनी खाणींच्या शेजारी आला, आणि येथील अनेक घरांतील पुरुष त्या खाणींत उतरू लागले.

खाणीत चूक झाली तर ती करणारा एकटा मरत नाही, हे इंग्लंडने अगोदर अनुभवले होते. म्हणून तेथे १८७२ च्या कायद्याने कोळसाखाणीच्या व्यवस्थापकाला परीक्षेने मिळालेले योग्यतेचे प्रमाणपत्र असलेच पाहिजे असे ठरले. आपल्याकडे १८९७ साली बलुचिस्तानातील खोस्त आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत मोठे अपघात झाले. त्यानंतर १९०१ साली खाणीचा पहिला कायदा आला, आणि १९०२ च्या जानेवारीत कलकत्त्यास खाणींच्या तपासणीचे कार्यालय सुरू झाले. धनबादचे खाण सुरक्षा महानिदेशालय ते हेच. पुढे १९२३ चा आणि मग १९५२ चा कायदा झाला. नुकत्याच, २०२५ च्या नोव्हेंबरात, १९५२ च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. कायदे बदलले, तरी एक तत्त्व कायम राहिले. खाणीला व्यवस्थापक हवा आणि त्याच्यापाशी योग्यतेचे प्रमाणपत्र हवे.

या प्रमाणपत्राची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. कोळशाच्या खाणीत सुरुंग पेटविणारा शॉटफायरर, त्यावर सरदार, त्यावर ओव्हरमन, मग द्वितीय वर्गाचा व्यवस्थापक आणि शेवटी प्रथम वर्गाचा, अशी ती शिडी आहे. धातूच्या खाणीत ब्लास्टर, मेट, फोरमन आणि वर पुन्हा व्यवस्थापकाचे दोन वर्ग. प्रत्येक पायरीला परीक्षा आहे आणि परीक्षेला बसण्यापूर्वी ठरावीक काळाचा अनुभव आहे. पदवी किंवा पदविका असणाऱ्याला तो काळ कमी, नसणाऱ्याला अधिक. परंतु पदवी आहे म्हणून अनुभव शून्यावर आणता येत नाही, आणि पदवी नाही म्हणून शिडी बंदही होत नाही. सरदारापासून आरंभ करून व्यवस्थापकाच्या खुर्चीपर्यंत गेलेले लोक मी स्वतः पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्याचा अनुभव केवळ उघड्या खाणीतला आहे त्याला मर्यादित प्रमाणपत्र मिळते. त्याच्या बळावर त्याला भूमिगत खाण चालविता येत नाही. म्हणजे किती वर्षे काम केले एवढेच विचारून कायदा थांबत नाही. कोठे केले आणि काय केले, हेही तो विचारतो. प्रमाणपत्राची हद्द तेथेच संपते जेथे माणसाने पाहिलेले जग संपते. व्यवसायाच्या परवान्यांचे अनेक कायदे मी पुढे कुतूहलाने वाचले, पण इतके प्रामाणिक तत्त्व मला क्वचितच आढळले.

न्यूटन चिखली

मंडळी, १० डिसेंबर १९५४ हा दिवस आपल्या जुन्या छिंदवाडा जिल्ह्याने विसरू नये असा आहे. त्या दिवशी परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसले आणि ६३ माणसे मृत्युमुखी पडली.

खाणीत पाण्याचा मोठा धोका सामान्यतः जुन्या, सोडून दिलेल्या कामांपासून असतो. कोळसा काढून झालेल्या पोकळ्यांत वर्षानुवर्षे पाणी साचते. नकाशा अपुरा असला, किंवा मोजणीत चूक झाली, तर चालू काम त्या पोकळीच्या किती जवळ आले हे आत काम करणाऱ्याला कळत नाही. मध्ये कोळशाची एक भिंत असते. ती पातळ झाली की पाणीच आपली वाट काढते. म्हणून पुढे अशा जुन्या कामांपासून ६० मीटरांच्या आत परवानगीवाचून काम करू नये आणि परवानगी मिळाल्यावरही पुढे छिद्रे पाडून, चाचपत जावे, असा नियम १९५७ च्या नियमावलीत आला. ती नियमावली एका दुर्घटनेमुळे आली असे म्हणणे बरोबर होणार नाही. १९२६ ची जुनी नियमावली बदलण्याची गरज अनेक कारणांनी निर्माण झाली होती. तरी पेंच खोऱ्यात नोकरीला लागलेल्या प्रत्येक नव्या अभियंत्याला जुने लोक न्यूटन चिखलीचे नाव सांगत, आणि मग त्या ६० मीटरांचा अर्थ निराळा समजावून द्यावा लागत नसे.

एका दाखल्याची हकीकत

येथे मला स्वतःविषयी थोडे बोलावे लागेल. विषयच तसा आहे.

कोळसाखाणींचे १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले, त्यानंतर थोड्याच काळाने मी पेंच-कन्हान भागात रुजू झालो. पदवीनंतरचे एक वर्षाचे व्यावहारिक प्रशिक्षण मला ज्या सरदाराबरोबर काढावे लागले तो सौंसरकडचा, चौथी शिकलेला गृहस्थ होता. पाळी सुरू होण्यापूर्वी सगळा भाग तपासून मगच कामगारांना आत सोडणे, ही सरदाराची कायदेशीर जबाबदारी असते. तो काठीने छत ठोकी आणि कान देऊन ऐके. घट्ट खडक टणक आवाज देतो, सुटलेला खडक भदभद वाजतो. वात बारीक केलेल्या सुरक्षा-दिव्याच्या ज्योतीवर निळसर टोपी दिसते का, हे तो डोळे बारीक करून पाही. ती दिसली की ज्वालाग्राही वायू आहे. या दोन्ही गोष्टी मी पुस्तकात वाचल्या होत्या आणि त्यांवर परीक्षेत गुणही मिळविले होते. परंतु पहिले कित्येक दिवस मला दोन्ही आवाज सारखेच ऐकू येत आणि ती निळी टोपी मुळीच दिसत नसे.

एकदा खांब काढण्याचे, म्हणजे छताला आधार म्हणून ठेवलेला कोळसाही काढून घेण्याचे काम चालू असता तो एकाएकी थांबला. लाकडी टेकू बारीक आवाज करीत होते. त्याने सर्वांना बाहेर काढले. मलाही हाताला धरून काढले. त्यानंतर काही वेळाने ते छत खाली आले. त्या दिवसापासून मला आवाज ओळखू येऊ लागले.

परीक्षेच्या अर्जाबरोबर अनुभवाचा दाखला जोडावा लागे. माझे काही महिने मोजणीच्या कार्यालयात, नकाशांवर गेले होते. ते महिनेही प्रत्यक्ष कोळसा काढण्याच्या जागीच गेले असे लिहून देण्याची तयारी एका वरिष्ठाने दाखविली. त्यात त्यांचा काही स्वार्थ नव्हता. मुलाचे वर्ष वाया जाऊ नये, एवढीच भावना. मी आनंदाने ही गोष्ट सरदाराला सांगितली. तो म्हणाला, “साहेब, कागद त वरच राह्यते. खाली त माणूस उतरते.” मी तो दाखला घेतला नाही आणि परीक्षा एका खेपेने लांबली. माझ्याबरोबरच्या एकाने तसाच दाखला घेतला, तो माझ्या आधी उत्तीर्ण झाला, आणि पुढे उत्तम अभियंता म्हणून निवृत्त झाला. त्याच्या हातून काही अघटित घडले नाही. खोटा दाखला घेणाऱ्याला शिक्षा होतेच, असा बोध मी यातून काढू शकत नाही, आणि काढणारही नाही.

उलट मला एक कबुली द्यावयाची आहे. पुढे मी स्वतः दाखल्यांवर सही करणारा झालो. आपल्याच भागातील एक गरीब घरचा मुलगा माझ्याकडे आला. त्याला चार महिने कमी पडत होते आणि अर्जाची मुदत संपत आली होती. घरी धाकट्या बहिणीचे लग्न अडले होते. मी सही केली. तो मुलगा पुढे जेथे जेथे गेला तेथील अपघाताची बातमी वर्तमानपत्रात आली की मी आधी त्याचे नाव शोधीत असे. ते कधी आले नाही. परंतु त्या सहीविषयी मी आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो. ज्या शाळेत मला उत्तराबरोबर रीतही लिहावी लागे, त्या शाळेत ते सांगणे मला उचित वाटले.

दूरची काही उदाहरणे

खाणीबाहेरच्या अभियंत्यांचे काय, याचे उत्तर प्रथम अमेरिकेत शोधले गेले. वायोमिंग या कोरड्या राज्यात पाण्याच्या हक्कासाठी नकाशे सादर करावे लागत. वकील, लेखनिक, कोणीही ते काढून अभियंता म्हणून सही करी. याला आळा घालण्यासाठी राज्याचे अभियंता क्लॅरेन्स जॉन्स्टन यांच्या आग्रहाने १९०७ साली तेथे अभियंत्यांच्या परवान्याचा पहिला कायदा झाला. हळूहळू अन्य राज्यांनी तो मार्ग धरला. टेक्सासमध्ये १८ मार्च १९३७ रोजी न्यू लंडन येथील शाळेत गळलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे मुले व शिक्षक मरण पावले, आणि त्याच वर्षी तेथे कायदा आला. आज त्या देशात सर्वसाधारण रीत अशी की पदवीनंतर मूलतत्त्वांची परीक्षा द्यावी, परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली चार वर्षे काम करावे, आणि मग व्यवसायाची परीक्षा द्यावी.

अनुभवाची महती सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. लॉस एंजेलिसला पाणी आणणारे विल्यम मलहॉलंड हे पाटकरी म्हणून कामाला लागले आणि अभियांत्रिकीच्या औपचारिक शिक्षणावाचून, अनुभवाच्या बळावर मुख्य अभियंता झाले. त्यांनी बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास फुटले. चारशेहून अधिक माणसे वाहून गेली. त्याच दिवशी सकाळी गळती पाहून, धोका नाही, असे मत त्यांनी स्वतः दिले होते. त्यांच्यापाशी अनुभवाची कमतरता नव्हती. त्यांचे काम तपासणारे, त्यांना प्रश्न विचारणारे बाहेरचे कोणी नव्हते. पुढल्याच वर्षी कॅलिफोर्नियाने सिव्हिल अभियंत्यांची नोंदणी सक्तीची केली. तात्पर्य, वर्षे मोजणे म्हणजे अनुभव मोजणे नव्हे. ज्या अनुभवावर दुसऱ्याची नजर पडलेली आहे तोच अनुभव परवान्याच्या कामाचा.

आपले अर्धे राहिलेले घर

आता आपल्या देशाकडे पाहू. अभियंत्यांची भारतीय संस्था, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स, १९२० साली नोंदली गेली आणि १९३५ साली तिला राजसनद मिळाली. तिच्या ‘अ’ आणि ‘ब’ विभागांच्या परीक्षांनी नोकरी सांभाळून शिकणाऱ्या हजारो तरुणांना अभियंता केले. तिची ‘चार्टर्ड इंजिनियर’ ही उपाधी मानाची आहे. परंतु सनद म्हणजे कायद्याचा परवाना नव्हे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली सनदी लेखापालांचा, १९६१ साली वकिलांचा आणि १९७२ साली वास्तुविशारदांचा कायदा झाला. डॉक्टरला पदवीपूर्वी रुग्णालयात आंतरवासिता करावी लागते, लेखापालाला उमेदवारी करावी लागते. वीजनियमांनुसार, १९५६ पासून, घरात तारा ओढण्याचे काम परवानाधारक ठेकेदाराने आणि योग्यतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच करावयाचे असते. पण ज्या इमारतीत त्या तारा ओढल्या जातात तिचे खांब आणि तुळया ठरविणाऱ्या अभियंत्यासाठी सर्व देशाला लागू होणारा तसा कायदा विसाव्या शतकात झाला नाही.

काहीच झाले नाही असेही नाही. उमेदवारीचा कायदा १९६१ चा. तो १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंत्यांना लागू झाला. त्यांना एक वर्ष विद्यावेतनावर कारखान्यात प्रशिक्षण मिळण्याची सोय झाली. त्यासाठी जी चार विभागीय मंडळे आहेत त्यांतील मुंबईच्या मंडळाकडे महाराष्ट्राबरोबर मध्यप्रदेशही येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी पडलेली राज्याची रेषा आपल्या मुलांना पावलोपावली आडवी येते. या एका बाबतीत ती येत नाही, याचे मला नेहमी समाधान वाटते. राष्ट्रीय इमारत संहितेने संरचना अभियंत्यासाठी सिव्हिलच्या पदवीनंतर आराखडे व प्रत्यक्ष काम यांचा तीन वर्षांचा अनुभव सांगितला आहे. मात्र संहिता ही मार्गदर्शक. ती अमलात आणणे त्या त्या गावाच्या उपविधींवर अवलंबून.

२६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, तेव्हा त्यांच्या नकाशांवर कोणाच्या सह्या आहेत हा प्रश्न देशाने विचारला. गुजरातने २००६ साली व्यावसायिक सिव्हिल अभियंत्यांचा कायदा केला. अभियांत्रिकी संस्थांची एक परिषद २००२ साली स्थापन झाली होती आणि केंद्रीय कायद्याचे मसुदे वेळोवेळी पुढे आले. २०२५ मध्येही असा एक मसुदा अभिप्रायासाठी मांडला गेला. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक अभियंत्यांच्या करारात भारताला २००९ साली स्थान मिळाले. त्याची अट सात वर्षांच्या अनुभवाची, आणि त्यांपैकी दोन वर्षे महत्त्वाच्या कामाची जबाबदारी स्वतः वाहिलेली असावी अशी आहे. म्हणजे परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या अभियंत्यासाठी आपण अनुभवाचे माप निश्चित केले. गावात राहून गावाची घरे बांधणाऱ्यासाठी ते तितक्या काटेकोरपणे केले नाही.

दार कोणासाठी

अनुभवाची अट घालताना एका गोष्टीची जाणीव ठेवणे अगत्याचे आहे. ज्या अटीने समाजाचे रक्षण होते, तीच अट कोणाचे तरी दार बंद करू शकते. याचे उदाहरणही खाणीतच आहे. १९५२ च्या कायद्याने स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यास मनाई होती. हेतू संरक्षणाचा होता. परंतु जमिनीखाली जाता येत नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून अमर्याद प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून भूमिगत खाणीचे व्यवस्थापकपद नाही, असे ते चक्र होते. २०१९ साली तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांसाठी ही मनाई उठली. त्यापूर्वी खाणकामाची पदवी घेतलेल्या मुलींपाशी बुद्धीही होती आणि धैर्यही होते. फक्त उतरावयाची परवानगी नव्हती.

आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलांचे दार याहून साधे, परंतु तितकेच खरे आहे. नागपूर वा जबलपूरहून पदवी घेऊन मुलगा परत येतो. त्याला हाताखाली घेणारा जाणता अभियंता गावात नसतो. मोठ्या शहरात ओळख नसते. मग दोन मार्ग उरतात. एक, ज्यात त्याची पदवी खर्ची पडते पण काही शिकावयास मिळत नाही अशी नोकरी. दुसरा, आपली सही उसनी देणे. नकाशा कोणीतरी काढतो, काम कोणीतरी करतो, आणि सही याची. ही प्रथा कोठे चालते ते मी सांगण्याची आवश्यकता नाही. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, वसाहती वाढतील, जाम नदीच्या दोन्ही काठांवर मजल्यांवर मजले चढतील. त्या मजल्यांचे खांब ठरविणारी मुले याच शाळेच्या बाकांवर बसलेली असणार.

म्हणून माजी विद्यार्थ्यांपाशी माझे एक मागणे आहे. आपल्यांपैकी जे अभियंते आहेत, बांधकाम खात्यात, रेल्वेत, खाणींत, खाजगी व्यवसायात, त्यांनी प्रत्येकी एका नव्या पदवीधराला वर्ष-दोन वर्षे आपल्या नजरेखाली घ्यावे. त्याला कामावर न्यावे, चूक करू द्यावी, ती दाखवून द्यावी, आणि त्याने खरोखर जे केले तेवढेच दाखल्यात लिहावे. कमी पडत असेल तर कमी लिहावे. त्याचे सहा महिने जातील. मी एकदा ते सहा महिने घालविले आहेत आणि एकदा दुसऱ्याचे चार महिने वाचविले आहेत. यांपैकी पहिल्या गोष्टीची आठवण मला कधी टोचली नाही.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो. पदवी मिळेल त्या दिवशी तुम्हांला वाटेल की आता शिकणे संपले. तसे वाटणे स्वाभाविक आहे, मलाही वाटले होते. त्या दिवशी एखादा चौथी शिकलेला गवंडी, तारतंत्री किंवा सरदार भेटला, तर त्याच्याबरोबर काही दिवस चाला आणि तो कशाला कान देतो आहे ते पाहा.

गुरुजी फळ्यावर उदाहरण सोडवून झाल्यावर खडू विद्यार्थ्याच्या हाती देत आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसत. आम्ही चुकलो तरी लगेच उठत नसत, पण त्यांचे लक्ष फळ्यावरच असे. त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी माझे भाषण संपवितो.